दाबायला ठेवलेले बोंबील

कन्नमवार नगरातल्या त्या खोलीत आलो तेव्हा
आपल्याकडे दोन ताटं होती, एक तवा, एक माठ,
तुझ्या आईने दिलेली आगळाची बाटली
आणि माझी स्पर्धा परीक्षेची अकरा पुस्तकं.

मी वाशीमची. आमच्याकडे मासा म्हणजे
धरणातला, जाड, समजूतदार.
कापला की तुकडा तुकडाच राहतो.
बोंबलाबद्दल मला कुणी काही बोललंच नव्हतं.

बाजारात मावशीने सहा बोंबील पिशवीत टाकले,
म्हणाली, "कोणासाठी गं?"
मी लाजले असेन, कारण तिने सातवा फुकट दिला.
कसे करायचे ते तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

तव्यावर टाकले तर पाणी सोडत सुटले.
उलटायला गेले, अर्धा आला.
पलीकडून गेले, उरलेल्याचा अर्धा.
शेवटी तव्यात राहिली एक लालसर पेज
आणि तिच्यात काटे, तुटक्या कंगव्यासारखे.
तू दारात बूट काढत विचारलंस, "काय केलंयस?"
मी म्हटलं, भुर्जी.
तू बूट पुन्हा घातलेस
आणि पाव आणायला खाली गेलास.

सोलकढीचं तर मी सांगतच नाही.
बरं, सांगते.
आगळात मीठ असतं हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं,
बाटलीवर तर अजून खसच्या सरबताचा कागद होता.
मी वर दोन चमचे मीठ घातलं.
रंग मात्र असा आला की माझं मलाच कौतुक.
तू एक पेला प्यालास. "मस्त."
मग दुसरा मागून घेतलास.

त्या रात्री तू चारदा उठलास.
अंधारात माठाचं झाकण, ओगराळं, घटघट,
मग चोरासारखं पाय न वाजवता परत येणं.
चौथ्या वेळी मी दिवा लावला.

आपलं पहिलं भांडण ते,
पहाटे साडेतीनला, सोलकढीवरून.
मी म्हणाले, खारट झाली तर खारट म्हण ना,
जन्मभर काय पाणी पीत बसणार आहेस?
तू ओगराळं हातात धरून म्हणालास,
"बाबा ताट सरकवायचे.
मीठ कमी, ताट सरकवलं. मीठ जास्त, ताट सरकवलं.
आई मग ओट्याकडे तोंड करून जेवायची."
एवढंच बोललास
आणि पुन्हा माठाकडे वळलास,
कारण तहान खरीच लागली होती.

रविवारी मी तुझ्या आईला फोन केला.
त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.
"अगो, बोंबील दाबूक लागतत! पाट्याखाली ठेव!"
पाटा कुठून आणायचा तिसऱ्या मजल्यावर?
मग खाली ताट, चिरलेले बोंबील, वर ताट,
त्यावर राज्यघटना, ती सगळ्यात जड म्हणून,
मग अर्थव्यवस्था, मग भूगोलाचे दोन्ही खंड,
आणि ढीग कलायला लागला तेव्हा
वरून तुझा हात.
तासभर आपण तसेच जमिनीवर बसलो होतो,
ताटाच्या कडेने पाणी झिरपताना बघत.

रव्यात घोळवले, तळले. उभे राहिले!
शेवटचा जरा जास्तच राहिला तव्यावर.
तू तोडलास, चावलास,
माझ्याकडे बघितलंस, अडखळलास
आणि म्हणालास, "करपलाय."

मी तो अख्खा तुझ्याच ताटात वाढला.

परीक्षा त्या वर्षी गेलीच.
पुस्तकं रद्दीत घातली, दहा.
अकरावं आहे अजून कपाटात.
मूलभूत हक्कांची पानं एकमेकांना चिकटलीत,
जोर लावून सोडवली
तर वास येतो.