वारा कुठला आहे त्यावर

विमानं बघायला चांगली जागा कुठली, असं कुणी विचारलं
तर मी आधी विचारतो, किती वाजता?

कारण दुबईत सकाळी वारा वाळवंटाकडून येतो
आणि विमानं समुद्राकडून,
होर अल अन्झच्या गच्च्यांवरून,
वाळत घातलेल्या बनियनींना जवळजवळ शिवत.
दुपारी वारा कूस बदलतो.
मग पंधरा-वीस मिनिटं आभाळात कुणीच नसतं,
आणि त्यानंतर सगळी रांग उलटी लागते, मिरदिफवरून.
हे मला कुणी शिकवलं नाही.
मी एसीवाला. माझं ऑफिस गच्चीवर.

अकरा वर्षं कॉम्प्रेसर उघडतोय.
कुठल्या इमारतीवरून धावपट्टीचं कुठलं टोक दिसतं
ते गॅसच्या दाबासारखं पाठ आहे.
रशीदियातल्या एका दवाखान्यावरून फक्त शेपट्या दिसतात,
कुंपणामागून मोठे मासे सरकावेत तशा.
गरहूदच्या एका हॉटेलवरून सगळं दिसतं,
पण मेल्या चिलरला तिथे कधी काही होत नाही.

रोदेल, माझा हेल्पर, आवाजावरून इंजिन ओळखतो.
दहातली चार बरोबर येतात.
कॅमेरा आम्ही बाळगत नाही, फक्त वही.
एकदा पोलिसाने हटकलं, काय लिहितोस?
दाखवली. शेपटीजवळची अक्षरं, तारीख, वारा.
त्याने सावकाश पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं,
म्हणाला, या दिवशी माझा भाऊ शिकायला गेला.
मग वही मिटून म्हणाला, खल्लास, निघा आता.
आम्ही निघालो.

ते मिरदिफचं पार्किंग.
तिथे हिवाळ्यात, साडेतीन-चारच्या उन्हात,
तिसऱ्या ओळीतल्या दिव्याच्या खांबाजवळ उभं राहावं.
विमान असतं लांब, मान वळवून बघावं इतकं,
सावली मात्र नेमकी आपल्यावरून जाते.
डोळे मिटलेले असले तरी कळतं.
रोदेल म्हणतो, गार लागते.
मी म्हणतो, मनाचे खेळ.
मलाही लागते.

हेमांगी पहिल्यांदा आली ती जानेवारीत.
गोव्याचं विमान, तीन चाळीस.
शहाणा माणूस फुलं घेऊन दारात थांबला असता.
मी खांबाजवळ होतो.
डावीकडची खिडकी माग, एवढंच तिला सांगितलेलं,
का ते सांगितलं नव्हतं.
विमान लहानसंच. सावली पाच-सहा गाड्यांवरून घरंगळत आली,
एका पांढऱ्या पिकअपवर मोडली, पुन्हा जुळली,
माझ्यावरून गेली.
मी हात केला.
छत्तीस वर्षांचा बाप्या, खिशात स्पॅनर,
डांबरावरच्या सावलीला हात करतोय.

पुढे ट्रॅफिक.
पोचलो तेव्हा ती ट्रॉलीच्या कडेला बसली होती,
मांडीवर कुळथाच्या पिठाची पिशवी,
आणि चेहऱ्यावर असा बर्फ
की डिफ्रॉस्टला दोन दिवस लागावेत.
कुठे होतास?
म्हटलं, तुझ्याआधी पोचलो होतो.
तुझी सावली गेली माझ्या अंगावरून.
ती म्हणाली, भूक लागलीय.

रात्री नहदाच्या खोलीत तिने वही चाळली.
त्या दिवसाची ओळ सापडली.
अक्षरं, तारीख, वारा वायव्येचा.
आणि उशिराचा रकाना? तो नाही ठेवलास?
पेन मागून तिने समासात लिहिलं,
पंचावन्न मिनिटं,
खाली रेघ मारली, रेशनवाल्यासारखी.

तेव्हापासून वहीत एक रकाना जास्त आहे.
रोदेल विचारतो, यात काय भरायचं?
मी म्हणतो, काही नाही.
ते खातं तिचं.