कान असलेली खुर्ची

खिळा नको, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं.
ईश्वरा व्हटकर हसले.
"आमच्यात खिळा असतोय कुठं?
पायताणात खिळा म्हंजे पायात काटा."
आणि रापी दगडावर फिरवत राहिले.

माझ्या वहीत खुर्ची होती:
चार पाय, एक पाठ, दोन हात,
बैठकीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह,
गिरवून गिरवून काळं झालेलं.
त्यांच्या कोपऱ्यात पोतंभर कात्रण होतं,
म्हशीच्या गळ्याचं, पोटाचं, बोटभर रुंद,
ज्याचं पायताण होत नाही असं.
ह्याचीच बैठक करू, मी म्हटलं.
तानूबाई मान वर न करता म्हणाल्या,
"मी घालतो वेणी. बसणार कोण, ते तू बघ."

पहिली खुर्ची आठ दिवसांत बसली.
म्हणजे आमच्या आधी तीच बसली,
पोट जमिनीला टेकवून, रवंथ करायला.
दुसरीत मी उसाच्या चिपाडाचा लगदा भरला,
चिकटवायला डिंकाऐवजी काकवी.
वास सुंदर. मुंग्यांचंही तेच मत पडलं.
रातोरात रांग लागली,
सुभाषनगरच्या गटारीपासून थेट पाठीच्या तिसऱ्या पट्टीपर्यंत.
तिसरीबद्दल मी बोलत नाही.

मग एका मंगळवारी व्हटकरांनी विचारलं,
"माप घेतलंस का?"
उंची पंचेचाळीस, खोली बेचाळीस,
पाठीचा कोन एकशेपाच, मी धडाधडा सांगितलं.
"हे खुर्चीचं झालं. माणसाचं?"

त्यांच्याकडे गिऱ्हाईक कागदावर उभं राहतं.
ते पेन्सिल फिरवतात भोवती, टाचेपाशी जरा सावकाश.
पाय उचलला की कागदावर उरते
वाकडी करंगळी,
डाव्यापेक्षा तांदूळभर लांब उजवा.

तर माप द्यायला मी उद्यमनगरात गेले.
शौकत मुल्लाणींनी वाळू चाळली, पाणी मारलं,
पेटीत भरून चोपली.
"पंपाची कव्हरं ओततोय मी हितं," ते म्हणाले,
"असली ऑर्डर बापजन्मात न्हाई."
मग अदबीनं पाठ करून उभे राहिले.
बाहेर पोरं खोकत होती, खोटं खोटं.

मी बसले.
गार, काळी, बारीक वाळू
जराशी सरकली आणि थांबली.
उठले तेव्हा पेटीत माझं बसणं होतं:
डावीकडे खोल, उजवीकडे उथळ.
तीस वर्षं मी कलून बसत आले
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
ना आईनं, ना शाळेच्या बाकांनी.

त्यात ॲल्युमिनियम ओतलं.
निघालेल्या त्या चकचकीत, लाजिरवाण्या गोळ्यावर
तानूबाईंनी विणलेलं कातडं भिजवून अंथरलं.
दोन दिवस मोगरीचा आवाज.
बाभळीच्या सालीचा तुरट वास माझ्या केसांत,
डब्यातल्या भाकरीत.
शिवण सगळी वादीची. खिळा एकही नाही.

मी काढलेले हात व्हटकरांनी लावलेच नाहीत.
न विचारता दोन कान लावले,
पायताणाला असतात तसे, जरा मोठे.
"उचलताना काय धरशील मग?"
आणि तळाच्या दोन थरांमध्ये
विंचवाचं बी सारलं, गुपचूप.

आता मी डावीकडे कलले
की खुर्ची बोलते: कर्र.
सरळ झाले की गप्प.

परवा पाहुणे येऊन बसून गेले एकेक.
कुणाला टोचली, कुणाला खोल वाटली,
एकानं किंमत विचारून कान ओढून पाहिला.
व्हटकर बसलेच नाहीत;
त्यांना अंगठ्याखाली वादी दाबून धरायला जमीन लागते.
शेवटी तानूबाई बसल्या, पदर सावरून.
हलल्या, डावीकडे, उजवीकडे.
खुर्ची हूं की चूं नाही.

"वळखत न्हाई गं ही मला,"
त्या म्हणाल्या, उठल्या,
खाली बसून अर्धी वेणी पुढं ओढली.
"मंगळवारी मी बी येतो वाळूत."