कुठं रायता?

नदीच्या अलीकडे आमची वसाहत.
अठ्ठेचाळीस प्लॉट, बावीस घरं, एक हातपंप,
आणि कमानीवर ‘वैनगंगा व्ह्यू’.
त्यातला ‘व्ह्यू’ गेल्या वादळात
खोब्रागडेंच्या टाकीवर पडला,
अजून तिथंच आहे.

दलाल म्हणाला होता, मॅडम, नागपूर पाऊण तास.
लागतो ना पाऊण तास,
पहाटे तीनला, स्वतःची गाडी असेल तर.
मला सव्वासहाची बस, अर्धं तिकीट,
उजवीकडची तिसरी खिडकी
आणि पावणेदोन तास.

पण खोटं कशाला बोलू, गाव देखणं आहे.
स्टॉपवर मोहाची सावली,
धान निघालं की रस्ताभर तणसीचा वास,
बोडीत शिंगाड्याचे वेल,
आणि उन्हं उतरताना घाटाखालचं पाणी म्हणे
घासलेल्या तांब्याच्या गुंडासारखं दिसतं.
म्हणे.
हे मला पाहुण्यांनी सांगितलं.
रविवारी ते घाटावर जाऊन येतात,
मी तोवर आठवड्याचे कपडे धुते.

ऑफिसात विचारतात, कुठं राहता?
मी म्हणते, भंडाऱ्याकडे.
गावात दुकानाशी पोचले की ठवरेभाऊ आत ओरडतात,
“नागपूरवाल्या मॅडम आल्या, दही काढ!”
नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षं दिवसातून दोनदा पूल ओलांडते,
जाताना झोपलेली, येताना झोपलेली.
नदी मला ठाऊक आहे ती फक्त टायरांच्या आवाजावरून:
जोडावर धप्प, पुन्हा धप्प,
सतरा झाले की पर्स सावरायची.

पौषात एका सकाळी
सातव्या धप्पनंतर आवाजच आला नाही.
पुढे धानाच्या पोत्यांचा ट्रक आडवा,
आणि धुई अशी की कंडक्टरला
स्वतःचा हात उसना वाटावा.
“तासभर तरी नाई हालत,” तो म्हणाला.
कुणी मोबाइल काढला, कुणी तंबाखू.
मी उतरले.
नदी बघायला नाही,
आडोसा शोधायला, खरं सांगायचं तर.

पुलाच्या टोकाशी वाळूत उतरणारी पायवाट होती.
परत येताना दिसलं, डोंग्याला टेकून
एक बाई जाळ्यातले झिंगे वेचतेय,
बोटं जणू तिची नव्हेतच अशा थंडीत.
मान वर न करता म्हणाली,
“कुठं रायता बाई?”
“इथंच. वर, कमानीपाशी.”
“इथंच?” आता तिनं पाहिलं.
“पायलं नाई कधी.”
नवीन पाखरू उतरलं की बोलतात
तशा आवाजात.

नाव पारबता दिघोरे.
खाली धरण झालं तसं पाणी तुंबलं, म्हणाली,
मासा खोल गेला,
झिंगे तेवढे काठ सोडत नाहीत.
माझ्याकडे सुट्टे नव्हते, तिच्याकडे फोन नव्हता.
मग मी डबा उघडला,
पोळ्या आणि मेथी तिच्या पदरात दिली,
तिनं ओंजळभर झिंगे डब्यात सोडले,
वर थोडं पाणी.
“झाकण सैल ठेवजा. जित्ते हायेत थे.”
तेवढ्यात वरून हॉर्न.

चौथ्या मजल्यावर दोन वाजता
बुटीबोरीच्या पाठकबाई डब्यात वाकल्या
आणि खुर्चीसकट मागे सरकल्या.
एक झिंगा अजून मिशा हलवत होता.
“अगं बाई! कुठले हे?”
‘भंडाऱ्याकडचे’ जिभेवर तयारच होतं.
“आमच्या घाटाचे,” मी म्हटलं,
आणि लगेच घाबरले.
घाटाला पायऱ्या किती,
असं विचारलं असतं तर?

डबा उचलला तेव्हा
टिपणीवर पाण्याचं एक गोल राहिलं,
नेमकं सहीच्या जागी.
साहेब म्हणाले, वाळू द्या, मग आणा.
मी पंखा बंद केला
आणि बसून राहिले.