रंग बसेपर्यंत

आई कॅन थोच्या मासळी कारखान्यात, दिवसभर मास्कमागे.
मी बिन्ह युओंगला, बुटांच्या तळव्यांना डिंक लावते.
रात्री नऊला फोनच्या काचेत तिचं तोंड येतं
आणि मी ते वाचते.
सहाव्या वर्षी तापात कान गेले;
तेव्हापासून आईचा आवाज म्हणजे
दोन ओठ आणि मधला एक पडका दात.

हल्ली वाचता येत नव्हतं.
साठीकडे झुकताना तिचे ओठ काळवंडले, कडेनं पुसट झाले,
चेहऱ्यातच मिसळून गेले.
त्यात मिणमिणता दिवा, जुना फोन.
ती काहीबाही सांगायची, मी नुसती मान डोलवायचे.
त्या डोलण्यातला खोटेपणा तिला दिसला असणार.

एका रविवारी, मला न विचारता,
न्हुंगच्या दुकानात जाऊन ओठ गोंदवून आली.
अडीच तास. आठवड्याचा पगार.

त्या रात्री काचेत आलं ते आईचं तोंड नव्हतं.
पिकून उकललेल्या कारल्याच्या आतलं तांबडं,
सुजलेलं, मलमानं चकाकणारं.
मी लिहिलं: हे काय केलंस?
ती बोलली, आणि मी अक्षरन् अक्षर वाचलं:
काळ्या ओठांना आधी नारिंगीच द्यावा लागतो.
आत्ता दिसतोय तो खरा नाही.
मग खरा कुठला मागितलास?
तिनं माझं नाव घेतलं. थाम.
आमच्याकडे त्याचा अर्थ गर्द लाल.

दुसऱ्या रात्री बोलताच येईना.
नळीनं अननसाचा रस पीत बसली, रंग चांगला चढतो म्हणे.
गोमांस नाही, कोळंबी नाही, नाळीची भाजी नाही,
यादी लिहून तिनं कॅमेऱ्यासमोर धरली.
मी उलट्या कागदावर लिहिलं: मग खातेस काय?

चौथ्या दिवशी खपल्या.
मधून सुटणारे, कडेला अडकलेले
विटकरी पापुद्रे, खाली कुठंकुठं कोवळं गुलाबी.
उपटू नकोस, मी लिहिलं.
तिनं हात पाठीमागे बांधून दाखवले,
शाळेत उभं केल्यासारखे.

आणि नवव्या दिवशी रंगच नाही.
दुधाळ, राखाडी, आधीपेक्षाही पुसट,
जणू सुई लागलीच नव्हती.
ती एकच शब्द बोलली. मला दिसला: मा.

आता हे सांगायला हवं.
आमच्या भाषेत मा म्हणजे भूत.
सूर चढवला तर मा म्हणजे आई.
दाबला तर भाताचं रोप, वळवला तर थडगं.
सूर गळ्यात राहतात, ओठांवर येतच नाहीत.
आजवर भूत आणि आई मी अंदाजानं वेगळे करत आले.
त्या रात्री जमलं नाही.
ही तुझी आईच आहे गं, म्हणत होती
की बघ, भूत झालंय माझं?
मी विचारलं नाही. रेंज गेल्याचं खोटं सांगून फोन ठेवला.
बोटांना डिंकाचा वास रात्रभर.

न्हुंग म्हणाली होती म्हणे, रंग खालीच बसलाय,
वरची कातडी नवी आहे, जाड, धुकट.
ती पातळ होऊ दे.
महिना लागतो. कधी दीड.

रोजचं तोंड कालच्यासारखंच.
नेमकं कुठल्या दिवशी बदललं, सांगता येणार नाही.
पाचव्या आठवड्यात तिच्याकडे वीज गेली,
तिनं मेणबत्ती लावली,
आणि त्या उजेडात
ओठांना कड होती.

गर्द लाल नाही. मागितलेला रंग नव्हताच तो.
आंब्याच्या कोवळ्या पालवीचा, तांबूस.

काय बोलली? काही खास नाही.
शेजारणीच्या बदकानं जिन्याखाली अंडी घातलीत
आणि आता कुणाला वर चढू देत नाही.
वीस मिनिटं तेच.
मी एकदाही मान डोलवली नाही.
मध्येच हात वर करून तिला थांबवलं, विचारलं:
किती अंडी?