केटिलने आणलेला शेवट

आमच्याकडे रेडिओ होता, पण तो ऐकण्यासाठी नव्हता,
समुद्रासाठी होता.
काचेची बॅटरी, आत आम्ल;
वडील तिला आटत आलेल्या गाईसारखं जपत.
सकाळी हवामान, रात्री हवामान,
मधे कोण कोण वारलं ते,
आणि खट्. बंद.

फक्त रविवारी, साडेपाचला
(अंधार पडून तेव्हा दोन तास झालेले असत)
आई हातातली लोकर खाली ठेवायची
आणि वडील बटण फिरवायचे,
चोरी करताना फिरवावं तसं, हळू.
अर्धा तास. मुलांचा.
एका मेंढीच्या कातड्यावर आम्ही तिघं,
स्टेइनुन, मी, ओड्डूर.
रेडिओ तापला की धुळीचा वास सुटे.
ओड्डूरला कितीतरी वर्षं वाटत होतं,
राजधानीतल्या बायकांना
तापलेल्या धुळीचा वास येतो.

त्या हिवाळ्यात गोष्ट होती एका सीलच्या पिल्लाची.
ते वाट चुकून खाडीत शिरलं,
वर बर्फ धरलं,
मग बाईंचा आवाज बारीक झाला,
मुंगीएवढा झाला,
आणि बॅटरी बसली.
वडील म्हणाले, "घ्या."
एवढंच म्हणाले.

मी पत्र लिहिलं. स्टेइनुनने शुद्धलेखन तपासलं,
तिकिटासाठी ओड्डूरने दात पडल्याचं नाणं दिलं.
"बाई, पिल्लू घरी पोचलं का?
आमची बॅटरी संपली. कळावे."
टपालाची बोट तीन आठवड्यांनी एकदा.

उत्तर आलं तेव्हा बॅटरी घसरगाडीवर बांधून
बंदरातल्या दुकानी भरायला गेलेली.
आम्हाला पत्ताच नाही.
मंगळवारी दारात केटिल उभा,
डोंगरापलीकडचा, एकटा राहणारा,
वर्षाला चार वाक्यं बोलणारा.
भुवयांवर बर्फ.
बूट न काढताच म्हणाला,
"गुडलौग कोण? तुझं नाव आलं होतं रेडिओत."

मग कॉफी. मग दुसरी कॉफी.
मग बशीतली साखर चघळत, तंबाखूने खरवडलेल्या आवाजात
त्याने बाईंची गोष्ट सांगितली:
पिल्लाने बर्फाला भोक पाडलं,
एका माणसाच्या घरी गेलं,
त्याने त्याला वाडगाभर दही दिलं,
घरात एक कुत्रा होता, एक कान फाटलेला,
तो काही बोलला नाही.
वसंतात पिल्लू गेलं.
"झालं," केटिल म्हणाला, आणि टोपी शोधू लागला.

सील दही खात नाही
हे मला तेव्हाही ठाऊक होतं.
दाराबाहेर केटिलचा कुत्रा बसला होता,
फाटक्या कानाचा.

खूप पुढे, केटिलला पुरल्यानंतर,
त्याच्या बहिणीने सांगितलं:
त्या रविवारी ऐन वेळी कुत्रा भुंकत सुटला
आणि तुझ्या नावापुढचं त्याला काही ऐकूच आलं नाही.
दोन दिवस तो गोठ्यात पुटपुटत होता.

मी चौकशी केली होती. त्या वर्षीचं ध्वनिमुद्रण
त्यांनी ठेवलेलं नाही.
कुणी हळहळलं तर मी म्हणते, असू दे.
नातवंडांना मी ती गोष्ट सांगते तेव्हा
आवाज आपोआप खरवडतो,
आणि दह्यापाशी आले
की मला टोपी शोधावीशी वाटते.