मग

वाल्गाच्या बंद पडलेल्या शाळेत आम्ही चौदा पोलीस,
बाकं सहावीच्या मापाची, गुडघे फळीला टेकलेले.
बालसंरक्षण खात्याची हेल्वे पिहलाक आली
आणि म्हणाली, आधी बूट काढा.
कमरेला हातकडी, पिस्तूल, सगळा सरंजाम,
खाली नुसते मोजे. आंद्रुसच्या अंगठ्याशी भोक.
"मुलाला तुमचा चेहरा नंतर दिसतो," ती म्हणाली,
"ते पलंगाखाली असतं."

दुपारी तीच झाली सहा वर्षांची.
साठीची बाई, मांडीवर कापडी ससा.
मी विचारलं, बाबांनी मारलं?
पट्ट्याने? रात्री? दारू पिऊन?
हो. हो. हो. हो.
चष्मा डोळ्यांवर चढवत ती म्हणाली,
"तुम्हाला हो हवं होतं, मी दिलं.
ही साक्ष आता तुमची. पोरीची कुठे आहे?"

एकोणीस वर्षं मी चोरांना असंच बोलतं केलंय.
उत्तर खिशात, प्रश्न हातात.
त्या रात्री जेवताना बायकोलाही तीन प्रश्न विचारले,
तिन्ही हो-नाहीचे.

दुसऱ्या दिवशी तिने एकच शब्द शिकवला: मग?
गोष्ट ऐकणारं पोर म्हणतं, तसा.
आम्ही म्हणून पाहिला. आंद्रुसचा दंड ठोठावल्यासारखा निघाला,
माझा दार बडवल्यासारखा.
"आणि नंतर गप्प बसा. मनात शंभर मोजा.
पुढचं तिला माहीत आहे. तुम्हाला नाही."

फेब्रुवारी. तिसरा मजला.
आंद्रुस स्वयंपाकघरात बापाजवळ,
हेल्वे जिन्यात, आईला धरून.
मी उंबऱ्यात वाकलेलो. बर्फाने नाडीची गाठ थिजलेली,
बोटं बधिर, सुटता सुटेना.
टेबलाखालून मिर्तेल बराच वेळ बघत होती.
शेवटी म्हणाली, ती नको, दुसरी ओढ.
मग?
मग ही खालून काढ.
मग?
मग बूट.

बूट निघाला. फरशीवर काळं पाणी पसरलं.
मी तिथेच बसलो, एका पायात बूट, एका पायात मोजा,
वही खिशातच राहू दिली.
ती टेबलाच्या पायाचा रंग नखाने सोलत होती.
आत बापाचा आवाज चढला, उतरला.
एकोणचाळीस. चाळीस.
माझा पाय गारठत चालला.
एकसष्टला ती म्हणाली,
आमच्याकडे एक मांजर होतं.

मी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.