पोकळी

शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर
पाटी आहे: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.
तरी फॉर्म असतोच. भरला.
वनश्री रणजित खोत, वय एकतीस, राहणार चिखली.
काउंटरवरची पोरगी 'गृहिणी' लिहून मोकळी झाली होती,
म्हटलं, खोड ते.
शिरोलीला फौंड्रीत आहे, क्वालिटीला. अल्ट्रासॉनिक करते.
ती हसली. म्हणजे आमच्यासारखंच की!

आमच्यासारखंच.
पंपाच्या बॉडीवर ग्रीसचा हात फिरवायचा,
प्रोब टेकवायचा,
कानाला न कळणारा आवाज आत सोडायचा
आणि तो परत यायची वाट बघायची.
मागच्या भिंतीवरनं आला तर माल चांगला.
मधूनच परतला, तर आत काहीतरी आहे:
वाळू, भेग, नाहीतर बुडबुडा, अडकून गार झालेला.
मग पिवळा खडू.

डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी दिवा बारीक केला.
"सैल सोड गं. बारीक नळी आहे, पाणी सोडते थोडं.
पाण्यानं खोली उघडते, मग भिंती दिसतात."
पाण्याचं मला सांगू नका, म्हणणार होते.
पंचगंगा आमच्या खोल्यांत चार दिवस राहून गेलीय,
भिंती तेव्हाच दिसल्या, गिलावा खाली आल्यावर.
पण तोंड मिटून छताकडं बघितलं.

पाणी आत गेलं
आणि खोली उघडली नाही.

पडद्यावर काळं यायला हवं होतं. काळं म्हणजे पाणी.
आलं ते कोपऱ्यात, चिंचोक्याएवढं.
बाकी पांढऱ्या दोऱ्या, या भिंतीपासून त्या भिंतीला,
न फुगलेल्या भाकरीसारखे
दोन्ही पापुद्रे एकमेकांना धरून.

"क्युरेटिंग झालं होतं?"
झालं होतं. दोन वर्षांमागं, जोतिबाच्या खेट्यांच्या दिवसांत.
तिसरा महिना होता.
साफ झालंय सगळं, म्हणाले होते तिथले.
किती साफ, ते मी विचारलं नाही.
मग पाळी डागापुरती. मग डागही नाही.
सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली.
रणजितनं कॅलेंडरवर खुणा करायचं सोडलं.
मला वाटलं, बरं होणं म्हणजे हेच असेल.

जखम बरी होताना समोरच्या जखमेला धरून बसली.
एवढंच झालंय, बाई म्हणाल्या.
एवढंच.

नऊ वर्षं मी पोकळी शोधते,
सापडली की माल बाजूला काढते.
इथं पोकळी नाही, हाच दोष.
हसू आलं मला, प्रोब सरकला,
बाई म्हणाल्या, हलू नको.

"दुर्बिणीतनं सोडवता येईल. पातळ आहेत बरेचसे.
एक जाड आहे वरच्या अंगाला, त्याचं आत गेल्यावरच कळेल.
पुन्हा चिकटूही शकतं. खोटं सांगत नाही."
रिपोर्टात मीही खोटं लिहीत नाही.
म्हणून त्या मला आवडल्या.

पुसायला कागदाचे दोन तुकडे. पुरले नाहीत.
आमच्याकडं पोतंभर चिंध्या असतात.

दुसऱ्या पाळीला वेळेत पोचले.
पाळी हा शब्द हजेरीच्या कार्डावर रोज छापलेला,
तिथली कधी चुकत नाही.

सातव्या नगात आवाज मधूनच परतला.
शिकलगार मामा म्हणाले, काढ की बाजूला, गाडी थांबलीय.
खडू हातात होता.
म्हटलं, थांबा वं जरा.
ग्रीस पुसलं, नग उलटा केला,
दुसऱ्या अंगानं प्रोब टेकवला.